जुलै १९१४ वर्गात कसा उभा करावा

अकरावी-बारावीला इतिहास शिकवणाऱ्या आणि गावच्या ग्रंथालयात अभ्यासमंडळ चालवणाऱ्यांसाठी, पहिलं महायुद्ध कसं पेटलं ते कसं शिकवावं, हे लिहिते आहे. मी साताऱ्यात शिकवते. माझ्या वर्गातली बरीच पोरं पहाटे अजिंक्यताऱ्याच्या चढावर भरतीची तयारी करून आलेली असतात. मोठमोठी राष्ट्रं युद्धात कशी जातात, हे या मुलांना इतर कुणाहीपेक्षा जास्त नीट कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पुस्तकात कारणं दिलेली असतात: साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त करार, उग्र राष्ट्रवाद, आणि तात्कालिक कारण म्हणून साराजेव्होचा खून. ही सगळी खरी आहेत. पण यातली पहिली चार १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला तेव्हाही होती, १९१२ मध्ये बाल्कन युद्ध झालं तेव्हाही होती. तेव्हा महायुद्ध पेटलं नाही. १९१४ मध्येच का पेटलं, हे समजायचं तर तारखा आणि तास बघावे लागतात. कुणाला काय कधी कळलं, आणि ठरवायला हातात किती वेळ होता, हे बघावं लागतं. सगळा धडा या एका गोष्टीभोवती बांधा.

चार तासिका राखून ठेवा. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून एकापुढे एक चिकटवा आणि भिंतभर लांब पट्टी तयार करा. तिच्यावर २८ जून ते ४ ऑगस्ट १९१४ असे ३८ रकाने आखा. आधी काहीही भरू नका. मुलांच्या हातून भरून घ्या, म्हणजे त्यांनाच दिसेल की पहिले २५ रकाने जवळजवळ कोरे राहतात आणि शेवटच्या १३ मध्ये लिहायला जागा पुरत नाही.

कोऱ्या भागात मोजक्याच नोंदी करा. २८ जूनला साराजेव्होत गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनंड आणि त्याची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या. ५ जुलैला बर्लिनमध्ये कैसरने, म्हणजे जर्मनीच्या सम्राटाने, व्हिएन्नाच्या (ऑस्ट्रियाच्या राजधानीच्या) दूताला सांगितलं की तुम्ही काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत. दुसऱ्या दिवशी कैसर नॉर्वेच्या सफरीवर निघून गेला. मग व्हिएन्ना इतके दिवस का थांबलं? एक कारण असं की हंगेरीचे पंतप्रधान टिसा युद्धाला तयार नव्हते. दुसरं कारण आमच्या मुलांना सांगताक्षणी कळतं: बरेच सैनिक सुगीसाठी रजेवर घरी गेले होते, आणि त्यांना मधूनच परत बोलावलं तर पिकं शेतात राहिली असती आणि बेतही फुटला असता. तिसरं कारण, फ्रान्सचे अध्यक्ष पोंकारे त्या वेळी रशियाच्या भेटीवर होते. दोन मित्र एका खोलीत बसलेले असताना खलिता द्यायचा नाही, असं व्हिएन्नाने ठरवलं. २३ जुलैला पोंकारे बोटीत बसायच्या बेतात होते, तेव्हा संध्याकाळी ६ वाजता सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये, निर्वाणीचा खलिता दिला गेला, कारण खुनाच्या कटामागे सर्बिया आहे असा व्हिएन्नाचा आरोप होता. मुदत ४८ तासांची होती.

खेळ इथून सुरू करा. बाकं सरकवून सहा गट बसवा: व्हिएन्ना, बेलग्रेड, सेंट पीटर्सबर्ग, बर्लिन, पॅरिस, लंडन. ब्रसेल्सला एकच मुलगी बसवा आणि तिच्या हातात एक कागद द्या. त्यावर लिहा की १८३९ च्या करारानुसार बेल्जियम तटस्थ आहे आणि मोठ्या सत्तांनी त्याची हमी घेतली आहे. गटांनी आपसात बोलायचं नाही. निरोप फक्त पाकिटातून जाईल, आणि तोही तुम्ही घंटा वाजवल्यावरच. प्रत्येक पाकिटानंतर गटाने चिठ्ठीवर तीन उत्तरं लिहायची: आम्हाला नक्की काय माहीत आहे, समोरचा काय करेल असं वाटतं, आणि आम्हाला किती वाजेपर्यंत ठरवायचं आहे. तिसरं उत्तर टाळू देऊ नका. मुलं पहिल्या दोन प्रश्नांवर भरभरून लिहितात आणि तिसऱ्यावर अडखळतात. १९१४ मध्येही सगळे नेमके तिथेच अडकले होते.

बेलग्रेडच्या गटाला खलित्यातलं सहावं कलम मोठ्याने वाचायला लावा: खुनाच्या कटाच्या चौकशीत ऑस्ट्रियाचे अधिकारी सर्बियाच्या भूमीवर भाग घेतील. मग त्यांना स्वतःचं उत्तर लिहू द्या. ते लिहून झाल्यावरच खरं उत्तर सांगा. सर्बियाने जवळपास सगळं मान्य केलं, काही ठिकाणी अटी घातल्या आणि या सहाव्या कलमाला नकार दिला. २५ तारखेला ६ वाजायच्या जरा आधी पंतप्रधान पाशिच यांनी ते उत्तर स्वतः नेऊन दिलं. ऑस्ट्रियाच्या दूताचं सामान आधीच बांधलेलं होतं. अर्ध्या तासात तो गाडीत होता.

२८ जुलैची दोन पाकिटं एकाच घंटेला वाटा, हे विसरू नका. बर्लिनच्या पाकिटात कैसरचा सकाळचा शेरा असेल: सर्बियाचं उत्तर वाचल्यावर युद्धाचं कारणच उरलं नाही, ऑस्ट्रियाने फार तर बेलग्रेड घेऊन तिथे थांबावं. बेलग्रेडच्या पाकिटात व्हिएन्नाची त्याच दिवशीची तार असेल, आणि ती युद्ध पुकारल्याची आहे. दोन्ही वाचून झाली की वर्गात आपोआप शांतता पसरते. बोलू नका, अर्धा मिनिट जाऊ द्या.

पुढचं पाकीट पीटर्सबर्गचं, म्हणजे सर्बियाचा पाठीराखा असलेल्या रशियाच्या तेव्हाच्या राजधानीचं. २९ तारखेला झार निकोलसने संपूर्ण सैन्याच्या जमवाजमवीला मंजुरी दिली. रात्री कैसरची तार आली आणि त्याने हुकूम मागे घेतला, फक्त ऑस्ट्रियाच्या बाजूची जमवाजमव ठेवली. सेनापती हादरले, कारण अर्धवट जमवाजमवीचा धड आराखडाच त्यांच्याकडे नव्हता, आणि ती सुरू केली तर पूर्ण जमवाजमवीचा बोजवारा उडाला असता. ३० ला दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनॉव्ह यांनी झारचं मन वळवलं. हुकूम पुन्हा निघाला.

मुलं इथे हमखास विचारतात: हुकूम पुन्हा मागे घ्यायचा होता की! व्याख्यान देऊ नका, रेल्वेचं गणित घाला. फळ्यावर आपली लाईन काढा: सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, कराड, सांगली, मिरज. एकच रूळ आहे असं धरा. तीन दिवसांत प्रत्येक तालुक्यातली माणसं, घोडे, तोफा, वैरण आणि शिधा मिरजेला पोचवायचा आहे. कोणती गाडी कुठे थांबेल, समोरून येणारी रिकामी गाडी कुठल्या स्टेशनात बाजूला घ्यायची, इंजिनाला पाणी कुठे मिळेल, हजारो माणसांचं जेवण मिरजेत कोण शिजवेल, हे सगळं मुलांकडून लिहून घ्या. वेळापत्रक जेमतेम जुळलं की सांगा: शत्रू पुण्याच्या बाजूला आहे, सगळं उलटं फिरवा. वर्गात ओरडा होतो. मसूरजवळ उभी असलेली गाडी कुठे न्यायची? शिधा मिरजेत आणि माणसं कोरेगावात, त्याचं काय करायचं? हा गोंधळ पाच-दहा मिनिटं चालू द्या.

मग १ ऑगस्टची संध्याकाळ सांगा. लंडनहून तार आली की इंग्लंड कदाचित फ्रान्सला तटस्थ ठेवेल. कैसर खूश झाला आणि त्याने सेनापती मोल्टकेला सांगितलं की सगळं सैन्य पूर्वेला, रशियाकडे वळवा. मोल्टकेने उत्तर दिलं की ते शक्य नाही, लाखोंचं सैन्य असं ऐनवेळी फिरवता येत नाही. त्याच रात्री कळलं की लंडनच्या तारेचा अर्थ चुकीचा लागला होता. जर्मनीचा आराखडा असा की रशियाची जमवाजमव सावकाश होते, तेवढ्या वेळात, साधारण सहा आठवड्यांत, बेल्जियममधून जाऊन फ्रान्सला संपवायचं. म्हणून रशियाने एक दिवस आधी सुरुवात केली की जर्मनीच्या हातातला एक दिवस कमी व्हायचा. ३१ जुलैला जर्मनीने रशियाला १२ तास दिले, फ्रान्सला १८, आणि २ ऑगस्टला बेल्जियमला १२. आकडे पट्टीवर लाल शाईने लिहा. पहिला खलिता ४८ तासांचा होता, हे मुलांनाच शोधू द्या.

लंडनच्या गटाला शेवटपर्यंत भांडू द्या, कारण ब्रिटिश मंत्रिमंडळातही २ ऑगस्टपर्यंत एकमत नव्हतं. ४ तारखेला जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या आणि रात्री ११ वाजता ब्रिटनने जर्मनीला दिलेली मुदत संपली.

हिंदुस्थानचा गट मात्र करू नका. एक खुर्ची दाराबाहेर ठेवा आणि भरतीला जाणारा एखादा मुलगा तिथे बसवा. त्याला एकही पाकीट मिळणार नाही. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं, इथल्या कुणालाही विचारलं नाही. सगळे गट थकले की त्या मुलाला आत बोलवा आणि एकच चिठ्ठी द्या: मुंबई बंदरात हजर व्हा. दहा लाखांहून जास्त हिंदी माणसं त्या युद्धासाठी समुद्रापार गेली आणि सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीची ४६ माणसं त्यात कामी आली. वर्गाला तिथल्या स्मारकापाशी घेऊन जा.

चूक कुणाची, हा प्रश्न येणारच. सगळे सारखेच दोषी, असं सांगून मोकळं होऊ नका. माझं मत मी मुलांना स्पष्ट सांगते: व्हिएन्नाला सर्बियाशी युद्ध हवंच होतं आणि बर्लिनने परिणामांचा विचार न करता त्याला मोकळीक दिली, म्हणून मोठा वाटा त्या दोघांचा. पीटर्सबर्गची घाई आणि लंडनचं उशिरा बोलणं त्यानंतर येतं. इतिहासकार आजही यावर वाद घालतात. मुलांनाही घालू द्या, फक्त प्रत्येक दाव्याला पट्टीवरची तारीख लावायला सांगा.

चौथी तासिका युद्ध कसं लढलं गेलं यासाठी ठेवा. लढायांची यादी देऊ नका. फ्रान्समधल्या मार्न नदीवर जर्मन अडले, सप्टेंबर १९१४ मध्ये सहा आठवड्यांचा आराखडा कोसळला आणि समुद्रापासून स्वित्झर्लंडपर्यंत खंदक खणले गेले, एवढं पुरे. त्यापुढे माणसं, तोफगोळे आणि रसद हे तीनच धागे धरा. तोफगोळ्यांसाठी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईचं उदाहरण द्या. ब्रिटिशांनी आठवडाभरात सुमारे १५ लाख गोळे डागले, तरी तारांची कुंपणं बऱ्याच ठिकाणी तुटली नाहीत, आणि १ जुलै १९१६ या एका दिवसात त्यांचे ५७,४७० लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्यातले १९,२४० मृत. ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीने जर्मनीत १९१६-१७ च्या हिवाळ्यात माणसं सलगमवर जगली, हेही सांगा.

पण जास्त वेळ आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमाराला द्या, कारण तिथे आपली माणसं होती. सहावी पुणे डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणी आखाताच्या टोकाला उतरली. उद्देश बसरा आणि तेलाची ठिकाणं राखणं हा होता. बसरा सहज मिळालं म्हणून पुढे, आणखी पुढे असं करत वर्षभरात फौज बगदादच्या दाराशी, टेसिफोनला पोचली. तिथे जबर मार बसला आणि जनरल टाउनशेंड मागे हटून कूतमध्ये तुर्कांच्या वेढ्यात अडकला. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. बसऱ्यापासून कूतपर्यंत रेल्वे नव्हती. नदीतल्या बोटी अपुऱ्या होत्या. घोडे कापायची वेळ आली तेव्हा अनेक हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारलं. ताजी भाजी नव्हती, हिरड्या सुजल्या, स्कर्व्हीने माणसं खंगली. शेवटी विमानांतून पिठाची पोती टाकली, पण ती पुरली नाहीत. वेढा फोडायला आलेल्या कुमकेचे सुमारे २३ हजार लोक मेले किंवा जखमी झाले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार जण शरण गेले आणि त्यातले हजारो कैदेत दगावले.

इथे मुलांना पानिपत आठवतंच, आणि ते बरोबर आहे. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतला यमुना उतरला, तेव्हापासून भाऊसाहेबांची रसद तुटत गेली आणि १४ जानेवारीला उपाशी सैन्य रणात उतरलं. दोन्ही ठिकाणचे नकाशे शेजारी लावा आणि फौज जिथे थांबली तिथपासून धान्याच्या कोठारापर्यंतचं अंतर दोऱ्याने मोजायला सांगा.

वेळ उरला तर ऑक्टोबर १९६२ घ्या. क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ १३ दिवस समोरासमोर होते. केनेडींनी लगेच हवाई हल्ला न करता नाकेबंदी केली. त्यातून वेळ मिळाला, पत्रं गेली-आली. ख्रुश्चेव्हचं एक मवाळ पत्र आणि पाठोपाठ एक कडक पत्र आलं, तेव्हा केनेडींनी मवाळ पत्राला उत्तर दिलं. पुढच्या वर्षी दोन राजधान्यांमध्ये थेट दूरसंदेशाची सोय झाली. भारत-पाकिस्तानच्या लष्करी मोहिमांच्या महासंचालकांमध्येही असाच थेट फोन आहे. १० मे २०२५ ला दुपारी दोघांचं बोलणं झालं आणि गोळीबार थांबवायचं ठरलं.

परीक्षेत 'कारणे लिहा' असा प्रश्न टाकू नका. हा टाका: २९ जुलै १९१४ च्या रात्री झारसमोर कोणते मार्ग होते आणि प्रत्येक मार्गाला किती तास लागले असते? उत्तरात तारीख-वेळ नसेल तर गुण कापा. आणि नुसतं कोण वाईट होतं एवढंच लिहिलं असेल, तर पेपर परत देऊन पट्टीसमोर उभं राहून पुन्हा लिहायला सांगा.