सोलापूरच्या अंगणात तरवड, कोरांटी आणि निर्गुडी

मे महिन्याच्या उन्हाने तरवड सहसा मरत नाही. तो मरतो पावसात, खड्ड्यात तुंबलेल्या पाण्याने. आपल्याकडची काळी चिकण माती पाणी धरून ठेवते, आणि सप्टेंबरात पावसाने जोर धरला की मुळं कुजतात. म्हणून माळरानावरची झुडपं घरी लावताना खतापेक्षा खड्ड्याकडे जास्त लक्ष द्या.

खड्डा मे महिन्यातच, माती कोरडी असताना घ्या: दीड फूट लांब, रुंद आणि खोल. ओल्या काळ्या मातीत खणलं तर खड्ड्याच्या भिंती सारवल्यासारख्या गुळगुळीत होतात. मग पाणी बाहेर झिरपत नाही आणि मुळंही आतल्या आत गोल फिरत राहतात. तसं झालंच तर खुरप्याने भिंती ओरबाडून घ्या. आता दोन बादल्या पाणी ओतून बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर ती जागा सोडा, नाहीतर फूटभर उंच वरंबा करून त्यावर लावा. भरताना दोन भाग खणलेली माती, एक भाग मुरूम आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत घ्या. शेणखत याहून जास्त नको. पाला माजतो आणि फूल कमी येतं.

तरवड बियांपासूनच करावा. नर्सरीत पिवळ्या फुलांची परदेशी झाडंही याच नावाने खपतात, म्हणून ओळख पक्की हवी: पानाच्या देठाशी, फांदीला लागून, कानाच्या पाळीसारखी गोलसर हिरवी उपपर्णं असतात. शेंग चपटी, वाळल्यावर कागदासारखी पातळ. बियांचं कवच टणक असतं, नुसतं पेरलं तर महिनोन्महिने पडून राहतं. पॉलिश पेपरवर चमक जाईपर्यंत घासा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेलं बी पेरा, न फुगलेलं पुन्हा घासा. एका पिशवीत दोन बिया, अर्धा इंच खोल, एप्रिलअखेर. रोप वीतभर झालं की पहिल्या चांगल्या पावसानंतर लगेच जमिनीत लावा. याचं सोटमूळ झपाट्याने खाली जातं. पिशवीत रखडलं तर वेटोळं होतं, आणि असं रोप पुढे वाऱ्याने कलतं.

निर्गुडी आणि अडुळसा फांदीवरून सहज येतात. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची फांदी जूनमध्ये घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा द्या, वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, आणि फांदी वाळू-मातीत निम्मी पुरा. पिवळी कोरांटीही अशीच लागते. अडुळशाला दुपारनंतर सावली मिळेल अशी जागा बघा; बाकीच्यांना दिवसभर ऊन हवं. अंतर: कोरांटी दोन फूट, अडुळसा तीन, तरवड पाच, निर्गुडी सात. कुंपणाच्या बाहेर मोकाट शेळ्या असतील तर त्या बाजूला तरवड आणि निर्गुडी लावा, जनावरं त्यांना सहसा तोंड लावत नाहीत.

पहिल्या वर्षी पाऊस थांबल्यावर आठवड्यातून एकदा दहा लिटर पाणी, बुंध्यापासून वीतभर लांब गोल आळं करून. रोज तांब्याभर दिलं तर मुळं वरच्या मातीतच राहतात आणि उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडल्या की तुटतात. आळ्यात चार बोटं पालापाचोळा पसरा. भेगा कमी पडतात. दुसऱ्या वर्षापासून तरवडाला उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा पाणी पुरतं.

निर्गुडीला नव्या फुटीवर तुरे येतात, म्हणून मेअखेर ती गुडघ्याएवढी छाटा. कोरांटी मात्र फुलं संपल्यावर, फेब्रुवारीत.

नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडला तर ते पाणी कमी पडल्याचं लक्षण नव्हे. चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर झाडाला लोह मिळत नाही. हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) मातीत घालून उपयोग होत नाही, चुना त्याला बांधून टाकतो. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा.

तरवडाची पानं कुरतडणाऱ्या हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका. त्या पांढुरक्या-पिवळसर फुलपाखरांच्या असतात, आणि पाला पुन्हा फुटतो.