क्लिअरन्सचा माल घेऊनही खर्च तेवढाच? मग या चुका टाळा

क्लिअरन्स सेक्शनमधून (म्हणजे तारीख जवळ आलेला किंवा उरलेला माल किंमत कमी करून लावतात त्या कोपऱ्यातून) सामान घेणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असते. बिलावर "तुम्ही इतके वाचवले" असं छापून येतं, पिशवीतल्या अर्ध्या वस्तूंवर कमी किमतीचा स्टिकर असतो, आणि तरी महिनाअखेरीला किराण्याचा आकडा जिथल्या तिथे, कधी कधी तर वाढलेलाच. स्टिकर खोटा नसतो. पण दुकान वाचवलेले पैसे मोजतं ते त्या वस्तूच्या जुन्या किमतीवरून, तुमच्या खर्चावरून नाही, आणि गडबड इथूनच सुरू होते.

यादी आधी, क्लिअरन्स नंतर

ही सगळ्यात कॉमन चूक. लोक यादीतलं सगळं पूर्ण किमतीला घेतात आणि मग बिलाकडे जाताना क्लिअरन्सच्या रॅककडे वळून "अरे हे निम्म्याला मिळतंय" म्हणत चार गोष्टी टाकतात, म्हणजे हा माल यादीच्या जागी येतच नाही, यादीच्या वर येतो. मग वाचणार काय? उलटं करून बघा. दुकानात शिरल्या शिरल्या आधी हा मार्कडाऊनचा, म्हणजे किंमत उतरवलेल्या मालाचा कोपरा, तिथे जे खरंच कामाचं मिळेल ते घ्यायचं आणि यादीतली त्याच्या बदल्यातली वस्तू तिथल्या तिथे खोडायची. खोडायला काहीच सापडत नसेल तर ती वस्तू परत ठेवा, डिस्काउंट ७० टक्के असला तरी. (अपवाद फक्त टिकाऊ गोष्टींचा, म्हणजे साबण, टिश्यू, मीठ वगैरे, जे आज ना उद्या लागणारच आहे.)

यादी करताना पण नाव फार नेमकं लिहू नका. "अमुक ब्रँडचं अमुक बिस्किट" लिहिलं की बदलायला जागाच उरत नाही, "चहासोबत काहीतरी" लिहिलं की जे स्वस्त असेल ते चालतं.

टक्के बघून घेणं

समजा एका किलोच्या पॅकची मूळ किंमत १०० आहे आणि ४० टक्के सूट आहे. तुम्ही ६० दिले. घरी त्यातलं ३०० ग्रॅम खराब होऊन टाकून दिलं. म्हणजे खाल्लेल्या ७०० ग्रॅमसाठी ६० पडले, किलोचा भाव झाला जवळपास ८६, आणि ४० टक्क्यांची सूट खऱ्यात १४ टक्क्यांवर आली. निम्मं टाकलं असतं तर? तोटाच, कारण मग भाव जातो १२० वर. म्हणून संपेल तेवढंच घ्या हा हिशोबाचा भाग आहे, उगाच उपदेश नाही.

दुसरी गोष्ट, छोट्या पॅकवर स्टिकर असतो आणि शेजारच्या मोठ्या पॅकवर नसतो, तेव्हा हात आपोआप स्टिकरकडे जातो. ४०० ग्रॅमचा पॅक ६० चा, २० टक्के सूट देऊन ४८ ला, म्हणजे किलोला १२०. बाजूचा एक किलोचा पॅक बिना डिस्काउंट ११० ला. शेल्फवर बारीक अक्षरात किलोचा किंवा १०० ग्रॅमचा भाव लिहिलेला असेल तर तो बघा, पण एक लक्षात ठेवा की तो बहुतेकदा मूळ किमतीचाच असतो, स्टिकर लावल्यावर कोणी तो बदलत बसत नाही, तेव्हा मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा. आणि शेल्फच्या रांगेच्या टोकाला मोठ्ठा बोर्ड लावून रचलेला माल म्हणजे क्लिअरन्स असं समजू नका, तिथे बऱ्याचदा साध्या किमतीचाच माल उठून दिसावा म्हणून मांडलेला असतो.

तारखांचा घोळ

इथे दोन्ही बाजूंनी चुकतात लोक. काही जण बेस्ट बिफोर उलटलेलं चांगलं पाकीट टाकून देतात, आणि काही जण यूज बाय उलटलेलं मांस "वास तर येत नाहीये" म्हणून शिजवतात. दोन्ही तारखा वेगळ्या. बेस्ट बिफोर ही चवीची, कुरकुरीतपणाची, दर्जाची तारीख. कोरडी बिस्किटं, पास्ता, बंद टिन, हे त्यानंतरही नीट ठेवलेलं असेल तर बहुतेक वेळा खाण्यालायक असतं, फक्त थोडं उतरतं. यूज बाय किंवा एक्सपायरी ही सुरक्षिततेची तारीख, ती ताजं मांस, मासे, तयार सॅलड असल्या लवकर बिघडणाऱ्या गोष्टींवर असते आणि ती पाळायचीच. नाकावर भरवसा ठेवू नका, कारण आजारी पाडणारे जंतू पुष्कळदा ना वास देतात ना चव, आणि लिस्टेरियासारखे काही तर फ्रिजमध्ये पण वाढतात.

मग यूज बाय आजचीच असलेलं पॅक घ्यायचंच नाही का? घ्या की, पण आजच शिजवणार असाल किंवा आजच फ्रीझरमध्ये टाकणार असाल तरच. "उद्या बघू" म्हणत फ्रिजच्या मागच्या कप्प्यात ढकललेलं पॅक शेवटी कचऱ्यातच जातं.

लहान बाळाची दुधाची पावडर मात्र या सगळ्यातून बाहेर ठेवा. तारीख उलटलेली नको, पोचे पडलेला डबा तर नकोच.

पॅकिंग न बघता उचलणं

पोचा पडलेला टिनचा डबा बरेचदा स्वस्तात असतो आणि सगळेच पोचे वाईट नसतात. अंगावर उथळ पोचा, कडा शाबूत, झाकण सपाट, तर चालतं. पण पोचा खोल असेल, वरच्या कडेवर किंवा जोडाच्या रेषेवर असेल, डबा फुगलेला, गळका किंवा खोल गंजलेला असेल तर फुकट दिला तरी नको. आत हवेशिवाय वाढणारे बोटुलिझमचे जंतू असू शकतात, त्यांचं विष क्वचित होतं पण जिवावर बेततं, म्हणून चाखून बघण्याचा शहाणपणा तर अजिबात नको. फुगलेलं दह्याचं झाकण किंवा फुगलेलं व्हॅक्यूम पॅक पण तसंच सोडून द्यायचं. दह्यावर नुसतं पाणी सुटलेलं असेल तर त्याने काही होत नाही, ढवळून घ्या.

फ्रोझन मालात पाकीट हाताने चाचपा. मटारचे दाणे सुटे सुटे लागले पाहिजेत. सगळा एकच दगड झाला असेल आणि आत बर्फाचे मोठे खडे दिसत असतील तर तो माल मध्येच वितळून परत गोठलेला असण्याची शक्यता जास्त. पीठ, धान्य असेल तर पाकिटाला बारीक छिद्रं किंवा आत जाळी आहे का बघा, आणि घरी आणल्यावर फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवून मगच डब्यात भरा, नाहीतर एका स्वस्त पाकिटातले किडे बाकीच्या चांगल्या धान्यात शिरतात.

घरी आणल्यावर खराब होतंय

दुकानात सगळं बरोबर केलं तरी माल इथेच जातो. थंड वस्तू शेवटी उचला आणि थेट घरी या. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहायला नको, आणि उन्हाळ्यात ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. फ्रिज ५ अंशांच्या आत आहे का हे थर्मामीटर ठेवून एकदा तपासा, बटणावरचा आकडा म्हणजे तापमान नव्हे.

फ्रीझर उणे १८ ला हवा. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात, त्यामुळे आधीच बिघडायला लागलेलं गोठवून ते सुधारणार नाही. मोठा पॅक जसाच्या तसा आत टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय, कारण नंतर एका वेळेपुरतं काढता येत नाही, मग सगळं वितळवा, निम्मं वापरा आणि उरलेलं टाका. आणल्या आणल्या एका वेळेचे भाग करा, पिशवीत हवा काढून चपटे पसरा (चपटं लवकर गोठतं, लवकर सुटतं आणि जागाही कमी खातं), वर नाव आणि तारीख लिहा. वितळवायचं ते फ्रिजमध्ये, ओट्यावर नाही, आणि वितळलं की २४ तासांत संपवायचं. दूध गोठवताना बाटली काठोकाठ नको, ते फुगतं. ब्रेड फ्रिजमध्ये ठेवला की उलट लवकर शिळा आणि कडक होतो, तो बाहेर तरी ठेवा नाहीतर सरळ फ्रीझरमध्ये.

केक बसला, तेल खवट लागतंय वगैरे

बेकिंग पावडर जुनी असेल तर अपाय नाही पण केक फुगत नाही, चमचाभर गरम पाण्यात टाका, जोरात बुडबुडे आले तर ठीक. यीस्ट कोमट पाण्यात साखरेसोबत ठेवा, दहा मिनिटांत फेस यायला हवा. मसाले जुने झाले की फक्त वास जातो. तेल, सुकामेवा आणि कोंड्यासकटची पिठं मात्र खवट होतात, म्हणून पारदर्शक बाटलीत उजेडात पडून राहिलेलं तेल घेऊ नका.

किती वाजता जाता?

ताज्या मालावरची सूट टप्प्याटप्प्याने वाढते, आधी थोडी, आणि दुकान बंद व्हायच्या वेळेला सगळ्यात जास्त. प्रत्येक दुकानाची वेळ वेगळी असते, म्हणून तिथे स्टिकर लावणाऱ्यालाच सरळ विचारा की साधारण कधी करता, बहुतेक जण सांगतात. पण तुम्हाला ती वस्तू हवीच असेल तर सुटीच्या पहिल्या टप्प्यातच घेऊन मोकळं व्हा, शेवटच्या टप्प्याची वाट बघत बसलात की दुसराच कोणीतरी उचलून नेतो. सणावारानंतर आणि कंपनीने पॅकिंग बदललं की टिकाऊ माल चांगला मिळतो, त्यात घाई नसते.

बिल करताना

स्टिकरवर नवा बारकोड असतो आणि तो जुन्याला पूर्ण झाकत नसेल तर मशीन कधी कधी जुनाच वाचतं आणि पूर्ण किंमत लागते. स्क्रीनकडे बघत राहा, मार्कडाऊनच्या वस्तू वेगळ्या काढून शेवटी स्कॅन करा, म्हणजे तीन-चार आकडेच डोळ्यांखालून घालायचे राहतात. कुपन किंवा पॉइंट या मालावर चालतात का ते पैसे द्यायच्या आधी विचारा. क्लिअरन्सचा माल बऱ्याच ठिकाणी परत घेत नाहीत, त्यामुळे आकडा चुकलेला दिसला तर काउंटर सोडायच्या आधीच बोला.