ट्रेकचा शेवटचा दिवस : या चुका टाळा

बरीच वर्षं मी नाशिकजवळच्या त्र्यंबक पट्ट्यात चार दिवसांचे ग्रुप नेतोय. हरिहर, भास्करगड, ब्रह्मगिरी आणि चौथ्या दिवशी अंजनेरी. हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्यांवर माझ्या ग्रुपमधल्या कुणाला साधं खरचटलेलंही मला आठवत नाही. तिथे सगळ्यांचीच तंतरलेली असते. हात खोबणीत, तोंड बंद. भानगडी होतात त्या अंजनेरीवर, जिथे आजीबाईसुद्धा नारळाची पिशवी घेऊन दर्शनाला चढतात. चौथ्या दिवशी सकाळी माणसं पायाने डोंगरावर असतात आणि मनाने घरी पोचून गिझर लावून बसलेली असतात.

खाली रस्ता दिसतोय, म्हणजे वाट असणारच

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक नंबर एक. एका ऑक्टोबरातली गोष्ट. आम्ही चौदा जण होतो. वरच्या अंजनीमातेचं दर्शन घेऊन परत तळ्याच्या पठारावर आलो तेव्हा दीड वाजला होता. ठाण्याच्या एका मुलाचं संध्याकाळच्या गाडीचं तिकीट होतं. सकाळपासून त्याचं घड्याळ बघणं चालूच होतं. ‘दादा, मी पुढे होतो, पायऱ्यांच्या घळीपाशी भेटतो,’ म्हणाला. मी ‘हो’ म्हणालो. ती माझी चूक, आधीच कबूल करतो.

पठाराच्या काठावरून त्याला त्र्यंबक रस्ता दिसला. रस्त्यावर लाल एसटी पळताना दिसली. आणि गुडघाभर गवतातून त्याच दिशेला एक पायवाट चाललेली. ती होती ढोरवाट. ढोरवाट जिथे चारा तिथे जाते. गुरांना नाशिक रोडला गाडी पकडायची नसते.

आता हे नीट वाचा. आपले डोंगर बेसाल्टच्या थरांचे. वर सपाटी, तिच्या कडेला उतार, मग एकदम उभा कडा, त्याखाली पुन्हा उतार. वरून बघताना वरचा उतार आणि खालचा उतार सलग जोडलेले वाटतात. मधली भिंत दिसतच नाही. ती दिसते थेट काठावर पोचल्यावर, आणि पावसाळ्यानंतर त्या काठावरही गवत माजलेलं असतं. म्हणून ‘शॉर्टकट’ म्हणणाऱ्या नवख्याला मी नकाशा दाखवत बसत नाही. पायऱ्यांची घळ सोडून दुसरीकडून उतरायचं नाही, विषय संपला.

घळीच्या तोंडाशी मोजले तर तेरा. वाटाड्याला बाकीच्यांबरोबर ठेवलं आणि शिट्टी फुंकत मी मागे गेलो. तासाभराने सापडला. गवत संपतं तिथून चार हातांवर बसला होता. मोज्यांना कुसळांचा थर, बाटली रिकामी, फोटो काढून काढून मोबाइल मेलेला. अंजनेरीच्या कड्यांत गिधाडं घरटी करतात. त्यातलं एक त्याच्या पायांच्या *खालून* संथ तरंगत गेलं, ते बघूनच तो मटकन बसला होता. मला म्हणतो, ‘पण दादा, रस्ता तर इथेच आहे.’ गाडी अर्थातच चुकली. त्याची एकट्याची नाही, पाच जणांची.

तेव्हापासून शेवटच्या दिवशी सगळ्यात मागे मी. ‘सगळे आले का?’ हा प्रश्न मी विचारत नाही, कारण जो आलेला नसतो तो सोडून सगळे ‘हो’ म्हणतात. प्रत्येकाच्या सॅकवर थाप मारत मोजतो. पठारावर एकदा, घळीच्या तोंडाशी एकदा, गाडीत बसताना एकदा. लोक हसतात. हसू दे.

चढताना बांधलेली लेस उतरताना तशीच

चार दिवसांत बूट सैल होतो. उतरताना पाय पुढे सरकतो आणि हजारो पावलं अंगठ्याचं नख बुटाच्या टोकावर आपटतं. घरी गेल्यावर नख काळं पडतं, मग गळतं, आणि दोष बुटाच्या कंपनीला. उतार सुरू व्हायच्या आधी मी खाली बसतो, लेस पूर्ण सैल करतो, टाच दोनदा दगडावर ठोकून मागे बसवतो आणि घोट्यापाशी गच्च बांधतो. बोटांवर मात्र सैलच. दोन मिनिटं लागतात. नखं ट्रेकला निघायच्या दोन दिवस आधी कापा. आदल्या रात्री मुळापर्यंत कापून आलेले वीर मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

आणि धावत उतरू नका. उतार पळत संपवला की गुडघे वाचतात, हा शोध कुणी लावला ते मला भेटू दे.

नाशिक रोड म्हणजे नाशिक नव्हे

मुंबई-पुण्याची मंडळी इथे हमखास फसतात. अंजनेरी फाट्यावरून शहर वीसेक किलोमीटर, एसटी तुम्हाला शहरात सोडते. रेल्वे स्टेशन तिथून आणखी नऊ-दहा किलोमीटर लांब, आणि मधे द्वारका चौकाची गर्दी. रविवारी किंवा श्रावणी सोमवारी त्र्यंबक रस्त्यावर हिशेब करूच नका. शेवटची पायरी उतरल्यापासून गाडी सुटेपर्यंत मी चार तास धरतो. कमी असतील तर तिकीट दुसऱ्या दिवसाचं काढा.

बाकीच्या किरकोळ, पण दर खेपेला होणाऱ्या :

‘दुपारी मिसळ हाणायचीय’ म्हणून सकाळी पोहे नाकारणं. पठारावर चक्कर यांनाच येते.

आजच परत जायचंय म्हणून टॉर्च मोठ्या सॅकमध्ये टाकून ती जीपने पुढे पाठवणं. ऑक्टोबरअखेर सहानंतर घळीत काही दिसत नाही.

उरलेली बिस्किटं माकडांना वाटणं. पुढच्या ग्रुपची सॅक ती फाडतात.

वाटाड्याचे पैसे फाट्यावर देऊ म्हणणं. फाट्यावर जीप दिसली की सगळे जागा धरायला पळतात आणि वर्गणी राहून जाते. मी आता पैसे सकाळी चहाच्या वेळीच गोळा करून पाकिटात घालतो. एकदा असंच राहिलं होतं. तोवर वाटाडी मामा गुरं आणायला निघून गेले होते, आणि ते पाकीट द्यायला मी पुन्हा वर, त्यांच्या पाड्यापर्यंत चढून गेलो. मामा म्हणाले, ‘पुढच्या येळेला दिले असते तरी चाललं असतं की.’ आणि चहा ठेवला.