देवबागला सहकुटुंब डॉल्फिन पाहायला जाताना

मालवणजवळच्या देवबाग-तारकर्लीला डॉल्फिन पाहायला जायचे ठरले की निवासाचे आरक्षण करण्याआधी पंचांग उघडावे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब आहे. त्यानुसार दशमीला साडेसातच्या आणि एकादशीला सव्वाआठच्या सुमारास भरती असते. देवबागच्या होड्या कर्ली नदीच्या खाडीतून निघून मुखावरचा वाळूचा बांध ओलांडून समुद्रात जातात आणि पूर्ण ओहोटीला त्या बांधावर लाटा फुटत असल्याने होडीला चांगलेच हिसके बसतात. लहान मुले किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील, तर सकाळी भरती असलेला दिवस निवडणे सर्वांत सोयीचे ठरते.

सकाळचा आग्रह वाऱ्यासाठीही धरावा. रात्रभर जमिनीकडून वाहणारा मतलई वारा सकाळी मंदावतो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. या दोहोंमधल्या वेळेत पाणी सपाट असते आणि सपाट पाण्यावरच डॉल्फिनची पाठ दुरून ओळखू येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात जलपर्यटन बंदच असते.

होडी ठरवताना दरापेक्षा तांडेलाशी (होडी चालवणाऱ्या प्रमुखाशी) होणाऱ्या बोलण्याकडे जास्त लक्ष द्यावे. ‘डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत’ असे सांगणारा होडीवाला मला धोक्याची खूण वाटतो, कारण पैसे वाचवण्यासाठी तो कळपाचा पाठलाग करणार हे उघड आहे. शक्य असल्यास पूर्ण होडी घ्यावी आणि निघण्यापूर्वीच सांगावे की कळप दिसल्यावर इंजिन मंद करावे, निदान पन्नास मीटर अंतर राखावे, बाजूने समांतर जावे आणि कळपाच्या समोर आडवे येऊ नये. डॉल्फिन हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972च्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे, याचीही आठवण सौम्य शब्दांत करून द्यायला हरकत नाही.

जीवरक्षक जॅकेट मुलांच्या मापाचेच हवे. ते घालून सर्व पट्टे आवळल्यावर दोन्ही खांद्यांजवळ धरून वर उचलून पाहावे. जॅकेट हनुवटीच्या वर सरकून कानांना लागले तर ते मोठे आहे आणि पाण्यात मूल त्यातून निसटू शकते. योग्य माप नसेल तर दुसरी होडी पाहावी, या बाबतीत संकोच करू नये. आजी-आजोबांसाठी खाडीच्या बाजूने होडीत चढणे सोपे पडते. तारकर्लीच्या उघड्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यातून जावे लागते. ज्यांना बोट लागते त्यांनी उपाशी निघू नये, हलका नाश्ता करावा, होडीच्या मधल्या भागात बसावे आणि मोबाइलऐवजी क्षितिजाकडे पाहावे. गोळी द्यायची असल्यास, विशेषतः मुलांना, आधी डॉक्टरांना विचारावे.

येथे मुख्यतः हंपबॅक जातीचे डॉल्फिन दिसतात. किनाऱ्याजवळचे उथळ पाणी आणि खाड्यांची मुखे हे त्यांचे वावरण्याचे भाग असल्याने फार दूर जावे लागत नाही. चित्रांतल्यासारख्या उड्यांची अपेक्षा मुलांना आधीच सोडायला लावावी: प्रथम लांब चोच किंवा कपाळ वर येते, श्वासाचा फुस्स आवाज होतो, मग पाठीचा उंचवटा आणि त्यावरचा लहानसा पर (माशाच्या कल्ल्यासारखा पंख) कमानीसारखा फिरून खाली जातो. त्यामुळे इंजिन बंद असताना कान उघडे ठेवणे डोळ्यांइतकेच उपयोगी पडते. पाठीवर पर नसलेला काळसर, गुळगुळीत प्राणी क्षणभर दिसून गेला, तर तो बिनपराचा पॉरपॉइज (डॉल्फिनसारखाच सागरी सस्तन प्राणी) असण्याची शक्यता आहे आणि तो दिसणे हे नशीबच मानावे. आकाशाकडेही नजर असू द्यावी. कुरव आणि सुरय हे समुद्रपक्षी एका जागी घिरट्या घालून पाण्यात सूर मारत असतील, तर तेथे मासळीचा थवा असतो आणि डॉल्फिनही पुष्कळदा तेथेच येतात.

डॉल्फिनना काहीही खायला टाकू नये आणि वेफरचे रिकामे पाकीट वाऱ्याने उडण्याआधी पिशवीत घालावे. परतताना किनाऱ्यावर जखमी कासव किंवा डॉल्फिन आढळल्यास त्याला पाण्यात ढकलू नये. माणसांची गर्दी दूर ठेवून वन विभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर कळवावे.