पोरं एकदम गप्प झाली तर मदत कुठे मागायची, आधीच बघून ठेवा

मुलगी पंधरा-सोळाची झाली, दार लावून बसायला लागली की आपण "वयच तसंय, होईल नीट" म्हणून सोडून देतो, आणि बऱ्याच वेळा होतंही नीट. पण जेव्हा होत नाही तेव्हा नेमके रात्रीचे दोन वाजलेले असतात, आपण थरथरत्या हाताने नंबर शोधतोय आणि त्यातले अर्धे लागतच नाहीत. म्हणून हे काम शांत दिवशी उरकायचं. आत्ता फोन हातात आहेच तर १४४१६ (मनाच्या त्रासासाठी), १०९८ (मुलांसाठी) आणि ११२ (तातडीच्या मदतीसाठी) सेव्ह करून टाका, आणि पोरांच्याही फोनमध्ये टाका, त्यांच्यादेखत, "तुझ्या मैत्रिणीला लागला तर असू दे" एवढंच म्हणायचं, लेक्चर नको.

जीवाला धोका असेल, काही खाल्लं-प्यायलं असेल, इजा करून घेतली असेल तर हेल्पलाइनवर बोलत बसू नका. ११२, किंवा महाराष्ट्रात ॲम्ब्युलन्ससाठी १०८, नाहीतर सरळ गाडीत घालून जवळचं हॉस्पिटल. पोलीस केस होईल या भीतीने लोक लपवतात आणि तिथेच उशीर होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ११५ आहे, त्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरतात, उलट सिद्ध झालं नाही तर त्याला शिक्षा करता येत नाही. हे नातेवाईकांनाही सांगून ठेवा, ऐनवेळी "कुठे बोलू नका" म्हणणारे तेच असतात.

१४४१६ म्हणजे टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आधी रेकॉर्डेड आवाज भाषा निवडायला सांगतो, मग काउन्सेलर येतो, गरज पडली तर पुढे डॉक्टरांकडे जोडून देतात. पालकांनीही मुलाबद्दल फोन केला तर चालतो. खरी अडचण पहिल्या वाक्याची असते, तोंडातून शब्दच फुटत नाही, तर कागदावर लिहून ठेवा आणि वाचून दाखवा: "मुलगा सोळा वर्षांचा आहे, तीन आठवडे झाले झोपत नाही, क्लासला जात नाही, काल म्हणाला की मी नसलो तर बरं होईल, आत्ता शेजारच्या खोलीत आहे, मी काय करू?" बास. कोण चुकलं, सासरचे काय म्हणाले, ते नंतर. लाइन बिझी लागली किंवा समोरचा माणूस नाही पटला तर ठेवून पुन्हा लावा, त्यात लाजायचं काय.

तोपर्यंत मुलाला एकटं सोडू नका, आणि घरातली औषधं, फवारणीची बाटली वगैरे गुपचूप उचलून कुलपात टाका. आणि स्पष्ट विचारा, "तुला मरावंसं वाटतंय का?" विचारल्याने डोक्यात भरत नाही, उलट बऱ्याच पोरांना कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. "तुला काय कमी केलं आम्ही" हे वाक्य मात्र गिळायचं, कितीही ओठावर आलं तरी.

१०९८ अठराच्या आतल्या मुलांसाठी. मुंबईत १९९६ मध्ये सुरू झालेली चाइल्डलाइन ती हीच, आता सरकार चालवतं. मारहाण, घरातून पळणं, बालविवाह, कुणी अंगाला हात लावतंय, सगळ्यासाठी, आणि मूल स्वतः फोन करू शकतं, आईबापांची परवानगी लागत नाही. लैंगिक छळाचं असेल तर पॉक्सो कायदा (२०१२) म्हणतो की ज्याला कळलं त्याने कळवलंच पाहिजे, त्यामुळे "घरातल्या घरात मिटवू" हा पर्यायच नाही, मग तो काका असो नाहीतर सर.

फोनवर बोलायचं नसेल तर सरकारी हॉस्पिटलात मैत्री क्लिनिक असतं, १० ते १९ वयाच्या पोरांसाठी. बोर्ड छोटा असतो, केसपेपर काढताना विचारा.

फोटोवरून कुणी ब्लॅकमेल करत असेल तर पोरं घरी सांगत नाहीत, फोन काढून घेतील म्हणून. तर आधीच कबूल करून टाका की काढणार नाही. पैसे द्यायचे नाहीत, चॅट डिलीट करायचे नाहीत, स्क्रीनशॉट घ्यायचे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, आणि सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांच्या प्रकरणांसाठी वेगळा भाग आहे, तिथे नाव न देता तक्रार करता येते.

घरात कुणाची दारू असेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६. शिवाय पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंगा असतात, टीनएजर्ससाठी अलाटीन, फी नसते. पिणारा सुधारायची वाट बघत बसावं लागत नाही, तो नाही आला तरी तुम्ही जाऊ शकता.

आणि शाळेत काउन्सेलर असेल तर पहिल्याच भेटीत विचारून घ्या की मूल जे बोलेल त्यातलं काय घरी सांगणार, काय नाही. साधारणपणे जीवाला धोका असेल तेवढंच सांगतात. हे मुलाच्या समोरच विचारा.