अंदमान तीन रात्रींत: तिकीट काढण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी दिवस मोजणं बंद करा आणि उजेडाचे तास मोजा. शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी येते, तिला एक रजा चिकटवली की चार दिवस हाताशी येतात आणि घरात कुणीतरी म्हणतंच, "चला, अंदमान करून येऊ." मुंबईपासून हे अंतर सरळ रेषेत सव्वादोन हजार किलोमीटरच्या आसपास आहे. बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता, बंगळूर किंवा हैदराबादला विमान बदलावं लागतं, त्यामुळे घराच्या दारातून निघून तिकडच्या हॉटेलच्या दारात पोचेपर्यंत आठ-दहा तास सहज जातात. पुण्या-नाशकाहून निघणाऱ्यांनी त्यात आपापली भर घालावी. बोटीने जायचा विचार या बेतात बसतच नाही; चेन्नईहून किंवा कोलकात्याहून जहाजाला अडीच-तीन दिवस लागतात, म्हणजे बोट बंदराला लागेस्तोवर तुमची रजा संपलेली.

त्यात तिथलं घड्याळ वेगळंच वागतं. अंदमान आपल्याच प्रमाणवेळेवर चालतं, पण आहे मुंबईच्या जवळजवळ वीस अंश पूर्वेला. डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. त्या दिवशी मुंबईत तो बुडतो तेव्हा सहा वाजून गेलेले असतात. उलट सकाळी साडेपाच-पावणेसहाला चक्क उजाडलेलं असतं. आठला उठायचं, नऊला पोहे, दहाला आंघोळी आटपून बाहेर, हा आपला सुट्टीतला क्रम तिथे नेलात तर दिवसाचा मोठा तुकडा खोलीतच संपेल. घरातली मंडळी सहाला तयार होऊन बाहेर पडणारी आहेत का, हे आत्ताच विचारून घ्या. नसतील तर हा लेख इथेच सोडून कोकणात जायला हरकत नाही.

आता हिशेब करू. रात्रीच्या किंवा पहाटेच्या विमानाने निघून पहिल्या दिवशी दुपारी बाराच्या आत पोर्ट ब्लेअरला, म्हणजे अंदमानच्या राजधानीत, उतरलात, तर हॉटेल आणि जेवण धरून त्या दिवसाचा चार तास उजेड मिळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हॅवलॉक बेटाची बोट धरली, तर तिथे टेकेपर्यंत दहा वाजतात, पुढचे सात तास तुमचे. तिसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा तुमचे, दुपारी परतीची बोट. चौथा दिवस विमानाचा. बेरीज सतरा तासांची. हॅवलॉक वगळून दोनच रात्री पोर्ट ब्लेअरला राहिलात तर पहिल्या दिवसाचे चार आणि दुसऱ्या दिवसाचे अकरा, म्हणजे पंधरा. तिसऱ्या रात्रीने उजेडाचे दोनच तास वाढवले, बाकी सगळं बोटीत आणि जेटीवरच्या रांगेत गेलं. मग ती तिसरी रात्र घ्यायची कशासाठी? फक्त हॅवलॉकच्या पाण्यासाठी. ते पाणी हवंच असेल तर तीन रात्री, नाहीतर दोन पुरतात. आणि हॅवलॉक, नील, बाराटांग ही बेटं, सेल्युलर जेल, सगळंच हवं असेल तर सहा रात्रींची रजा मिळेपर्यंत थांबा. चार दिवसांत हे सगळं दाखवतो म्हणणाऱ्या टूरवाल्याला फक्त एवढं विचारा, "अंधार पडल्यावर काय काय दाखवणार?"

महिना कोणता, हे त्यानंतर पाहा. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस, त्यानंतर ईशान्य मोसमी आणि बंगालच्या उपसागरातली वादळं. म्हणून पंधरा ऑगस्टला जोडून आलेली सुट्टी कितीही मोठी असली तरी ती अंदमानला देऊ नका. डिसेंबरचा मध्य ते एप्रिल हा काळ बरा. बरा म्हणतोय, खात्रीचा नाही: डिसेंबर २०१६ च्या पहिल्या पंधरवड्यात वादळी हवामानामुळे हजाराहून जास्त पर्यटक हॅवलॉक आणि नीलवर अडकले होते आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं गेली होती. लांब मुक्कामात एखादा दिवस असा गेला तर पत्ते खेळून काढता येतो. छोट्या मुक्कामात तोच दिवस तुमचं विमान घालवतो. यातून निघणारा एकच नियम काटेकोरपणे पाळा: शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच. सकाळी हॅवलॉकहून बोट, दुपारी विमान, असली गणितं कागदावर जुळतात. समुद्राने मनावर घेतलं तर जुळत नाहीत.

पाण्यात उतरायचं असेल तर आणखी एक बंधन येतं, आणि ते भल्याभल्यांच्या बेतात नसतं. स्कूबा डाइव्ह केल्यावर लगेच विमानात बसायचं नाही. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडायला हवा. त्याआधी विमानातल्या कमी दाबात गेलं तर रक्तात आणि सांध्यांत त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एका डाइव्हनंतर किमान बारा तास, एकाहून जास्त डाइव्ह असतील तर अठरा तास, आणि बहुतेक प्रशिक्षक सरळ चोवीस सांगतात. वरच्या हिशेबात तिसऱ्या दिवशी सकाळी सातला डाइव्ह आणि चौथ्या दिवशी दुपारचं विमान हे बरोबर बसतं. म्हणून परतीचं विमान सकाळचं आहे की दुपारचं, हे डाइव्ह ठरवण्याआधी पाहा. निघताना सर्दी असेल तर डाइव्ह रद्द समजा. कान बंद असताना खाली उतरणं म्हणजे पडद्याशी खेळ. दमा, हृदयविकार, कानाचं जुनं दुखणं असेल तर तिथे फॉर्म भरताना लपवण्यापेक्षा इथे आपल्या डॉक्टरांना विचारून जा. नुसतं एकदा पाण्याखाली जाऊन यायचं एवढीच हौस असेल, तर मालवण-तारकर्लीला तेही होतं आणि रात्रीच्या गाडीने जाता येतं. पाण्याच्या नितळपणात मात्र फरक पडतो, तो मान्य करायला हवा.

बोटीची तिकिटं विमानाच्या मागोमाग काढा, हॉटेल नंतर. सुट्टीच्या दिवसांत सकाळच्या बोटी आधी भरतात आणि दुपारची मिळाली तर सात तासांचे तीन उरतात. आपली बोट हॅडोच्या धक्क्यावरून सुटते की फिनिक्स बे जेटीवरून, हे तिकिटावर वाचून ठेवा, कारण खासगी आणि सरकारी बोटींचे धक्के वेगळे असतात आणि सकाळी सहाला रिक्षावाल्याला "जेटी" एवढंच सांगून भागत नाही. ओळखपत्र मूळ हवं, मोबाइलमधल्या फोटोवर वाद घालायला तिथे वेळ नसतो. सुटण्याच्या तासभर आधी पोचायचं. सामानाला चिठ्ठ्या लागतात, बॅगा एका बाजूला रचल्या जातात, मग आत. बऱ्याच खासगी बोटी म्हणजे बंद काचांची एसी केबिन, विमानासारख्या खुर्च्या, आणि चालू बोटीत डेकवर सोडत नाहीत. वारा लागत नाही, क्षितिज दिसत नाही, त्यामुळे एसटीत कधी न लागणाऱ्यांनाही इथे लागतं. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, बोट हलायच्या अर्धा-पाऊण तास आधी. सुटल्यावर घेतलेली गोळी बहुधा पिशवीतच परत येते. जागा मागायची सोय असेल तर मधली आणि खालची मागा.

तुम्ही जेलसाठी निघाला असाल, आणि मराठी माणूस बहुतेक वेळा त्यासाठीच निघतो, तर तयारीचा मोठा भाग इथे घाला. सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ ला सुरू झालं आणि १९०६ ला संपलं. मधला मनोरा आणि त्यातून निघालेल्या सात लांबलचक इमारती, अशी रचना होती. त्यांतल्या तीनच आज उभ्या आहेत. पाडलेल्या भागाच्या जागेत आता सरकारी रुग्णालय आहे. एका इमारतीच्या कोठड्यांची दारं शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे तोंड करून, म्हणजे कुणाला कुणाचा चेहरा दिसायला नको. कोठडीच्या दाराची कडी बारकाईने बघा. ती भिंतीतल्या खोल खोबणीत, दारापासून हातभर लांब सरकते. गजांतून हात कितीही बाहेर काढला तरी तिथवर पोचत नाही. हे वाचून कळत नाही, आत उभं राहून हात बाहेर काढला की कळतं.

सावरकर १९११ च्या जुलैत इथे आले आणि १९२१ पर्यंत होते. त्यांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला, तिला दुहेरी दार. वर जायला जिने आहेत, लिफ्ट नाही. आई-बाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर हे आधी सांगून ठेवा आणि सकाळच्या गारव्यात वर न्या. कोठडीपाशी गर्दी असते, त्यातली निम्मी मराठीत बोलत असते, आणि फोटो काढून बरेच जण तिथूनच खाली उतरतात. तसं करू नका. संगमरवरी फलकांवर प्रांतवार नावं कोरलेली आहेत, ती वाचा. मुंबई प्रांताची यादी आटोपशीर आहे, तिच्यात बाबाराव सावरकर दिसतील. मग बंगालचे फलक सुरू होतात आणि संपता संपत नाहीत. बारींद्र घोष, उल्लासकर दत्त या क्रांतिकारकांची नावं शाळेत ओझरती ऐकलेली असतात. घरून निघण्याआधी मुलांना ती दहा मिनिटं सांगितलीत तर तिथे त्यांचा कंटाळा अर्धा होईल. खालच्या आवारात कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, दाखवतात. दिवसाला तीस पौंड तेल काढायची सक्ती होती. जेलला दोन तास कमी पडतात, अडीच धरा. संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो अंधारात होतो, म्हणजे उजेडाचा तास खर्च न करता मिळणारी ही एकमेव गोष्ट. त्याचं तिकीट जाण्याआधीच काढा. सव्वीस फेब्रुवारी आणि अठ्ठावीस मे या तारखांना सावरकरप्रेमींची गर्दी वाढते. राष्ट्रीय सुट्टीला जोडून जात असाल तर नेमक्या त्या दिवशी जेल उघडं आहे का, याची चौकशी करूनच पहिल्या दिवसाचा बेत पक्का करा.

दोन रात्रींच्या बेतात दुसऱ्या दिवशी रॉस बेट घाला. २०१८ मध्ये त्याला नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप हे नाव मिळालं. त्याच वेळी हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं. पोर्ट ब्लेअरही सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम आहे, तेव्हा तिकिटं शोधताना जुनी-नवी दोन्ही नावं टाकून पाहा. रॉसला बोटीने पंधरा-वीस मिनिटं लागतात. इंग्रजांच्या कारभाराचं मुख्य ठाणं इथे होतं. आता चर्चच्या आणि बंगल्यांच्या भिंती झाडांच्या मुळांनी कवेत घेतल्या आहेत आणि हरणं निवांत चरतात. जेल पाहून आल्यावर हे पाहण्यात वेगळीच गंमत आहे: कैद्यांना कोंडणारे साहेब समोरच्याच बेटावर मेजवान्या झोडत होते. संध्याकाळी चिडिया टापूला सूर्यास्त, फक्त शहरातून साडेतीनच्या आत निघा.

बाराटांग यादीतून खोडा. पहाटे तीनचा गजर, गाड्यांचा ताफा, मग बोट, परत यायला संध्याकाळ. छोट्या सहलीत एवढा दिवस जाण्यासारखं ते नाही. शिवाय तो रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातला भाग बंद करण्याचा आदेश दिला होता, तरी वाहतूक चालूच राहिली. दुसऱ्याच्या अंगणातून काचा लावून जायचं आणि कुणी दिसतंय का म्हणून माना वळवायच्या, हे मला सहा रात्री असत्या तरी नको वाटतं.

सामान एका केबिन बॅगेत बसवा. सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहण्यात उजेडातला अर्धा तास जातो. भिजले तरी चालतील असे सँडल, पटकन वाळणारे दोन जोड, पातळ टॉवेल, टोपी, मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी, बोटीवर लागणारी औषधं हाताशी. रोख पैसे मुंबईहूनच न्या, हॅवलॉकवर एटीएम मोजकी आहेत. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून नेटवर्क सुधारलं आहे, पण बोटीची आणि विमानाची तिकिटं छापून ठेवलेली बरी. मत्स्याहारींची चंगळ आहे, शाकाहारींची उपासमार होत नाही. तरी बोटीच्या सकाळी चिवडा-लाडू जवळ असू द्या. हिंदी सगळीकडे चालते.

हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर पोहायचं ते जीवरक्षकांनी आखलेल्या भागातच. या बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि २०१० मध्ये त्याच किनाऱ्याजवळ एका परदेशी पर्यटक मुलीचा जीव गेला होता. पाटी दिसली तर ती वाचा, गाइडशी हुज्जत नको.

आणि शेवटच्या रात्री, बॅग भरताना, मुलांचे खिसे तपासा. प्रवाळाचा तुकडा बाहेर नेणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, किनाऱ्यावर वेचलेल्या शंख-शिंपल्यांवरही विमानतळावर हटकतात. शंख हवाच असेल तर सरकारी सागरिका एम्पोरियममधून घ्या आणि पावती बोर्डिंग पाससोबत ठेवा.