फोंड्याहून फ्लॉरेन्सला जाताय?

निघण्याआधी जुन्या गोव्यात बॉम जीझस चर्चमध्ये सेंट झेवियरच्या शवपेटीखालचा संगमरवरी चौथरा बघून घ्या. तो फ्लॉरेन्सच्याच फोजिनी या शिल्पकाराने घडवला, १६९८ साली इथे बसवला.

फ्लॉरेन्समध्ये कॅथेड्रलवरच्या ब्रुनेलेस्कीच्या घुमटावर चढायचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, तेव्हा जेवण खाली आल्यावरच. रिबोलिता मागवा: शिळा पाव, पांढरा राजमा, काळपट पालेभाजी, सगळं शिजून इतकं दाट की चमचा उभा राहावा. वर कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार. गाडीवरचा लाम्प्रेदोत्तो म्हणजे गाईच्या पोटाचा भाग. चालत असेल त्यांनीच खावा. त्यांच्या पावात मीठ नसतं, आपल्या पोदेराची (पाववाल्याची) आठवण येणारच. कॉफी मात्र काउंटरवर उभ्यानेच प्या, टेबलाशी बसलात की बहुतेक ठिकाणी दर वाढतो.